करिंथच्या मंडळीच्या वडिलांना पदावरून काढले, तेव्हा रोमने मध्ये का बोलावे?

पैलतीर:
इसवी सन 96च्या सुमारास रोमच्या ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) ग्रीसमधील करिंथच्या मंडळीला एक लांबलचक पत्र लिहिले. ते क्लेमेंटचे पहिले पत्र म्हणून ओळखले जाते; क्लेमेंट परंपरेने रोमचा बिशप, म्हणजे तिथल्या मंडळीचा प्रमुख, मानला जातो. करिंथमध्ये काही जणांनी पुढाकार घेऊन मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांना, त्यांच्याकडून कोणताही अपराध घडलेला नसताना, पदावरून दूर केले होते. ही फूट मिटावी आणि वडिलांचा मान राखला जावा, यासाठी त्या पत्राचा सारा खटाटोप आहे. रोमच्या बिशपचा अधिकार पहिल्या शतकातच सर्वमान्य होता याचा पुरावा म्हणून हे पत्र नेहमी पुढे केले जाते. मला ते नेमके उलट्या बाजूचे साक्षीदार वाटते. त्यात क्लेमेंटचे नाव एकदाही येत नाही. बोलते ती रोममध्ये प्रवाशासारखी राहणारी देवाची मंडळी, आणि तीही 'आम्ही' म्हणून. 44व्या प्रकरणात म्हटले आहे की वडिलांची नेमणूक साऱ्या मंडळीच्या संमतीने झाली होती. 54व्या प्रकरणात तर भांडणाला कारण झालेल्यांनी आपण होऊन गाव सोडावे आणि लोक सांगतील तसे करावे, असा सल्ला आहे. हुकूम चालवणारा माणूस असा सल्ला देत बसत नाही.

तटबंदी:
संमतीचा मुद्दा आपण अर्ध्यावरच सोडला आहे. करिंथमध्ये वडील काढले गेले ते बहुधा मंडळीतल्या बऱ्याच लोकांच्या पाठिंब्यानेच. मूठभर माणसांना एवढे जमले नसते. संमती हेच अधिकाराचे मूळ असते, तर दिलेली संमती काढून घेण्याचा हक्कही मंडळीला असता आणि रोमला लेखणी उचलण्याचे कारणच उरले नसते. पण पत्र म्हणते की हे पाप आहे, आणि ते लहानसहान पाप नाही.

42वे प्रकरण पाहा. देवाने ख्रिस्ताला पाठवले, ख्रिस्ताने प्रेषितांना (आपल्या मुख्य शिष्यांना), आणि प्रेषितांनी गावोगाव बिशप आणि सेवक नेमले. म्हणजे अधिकार वरून उतरत आला. पुढच्याच प्रकरणात मोशेचा भाऊ अहरोन याच्या काठीची कथा येते. याजकपदावरून वंशावंशांत भांडण लागले, तेव्हा मोशेने बारा काठ्या मागवल्या, त्या बांधून सरदारांच्या मुद्रांनी बंद केल्या आणि दर्शनमंडपात ठेवल्या. सकाळी अहरोनाच्या काठीला अंकुर फुटलेले होते आणि फळही धरलेले होते. यावर पत्रलेखक विचारतो की काय होणार हे मोशेला आधी ठाऊक नव्हते काय? ठाऊक होतेच, इस्राएलात बेबंदी माजू नये म्हणून त्याने ते केले. निवड देवाची आणि लोकांनी ती पाहून मान्य करायची, हेच संमतीचे स्थान आहे. रोमने पत्राबरोबर क्लॉडियस एफेबस, व्हॅलेरियस बिटो आणि फॉर्च्युनॅटस या तिघांना पाठवले आणि समेटाची बातमी घेऊन त्यांना लवकर परत पाठवा असेही बजावले. नुसत्या सल्ल्याच्या पाठोपाठ कोणी माणसे पाठवून निकालाची वाट पाहत नाही.

जुनी दौत:
आपण दोघेही एकाच पत्राला धरून बसला आहात. त्यानंतर थोड्याच वर्षांत सिरियातील अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याला दहा शिपायांच्या पहाऱ्यात रोमला मरणासाठी नेले जात होते. त्या शिपायांना तो दहा चित्ते म्हणतो, आणि चांगुलपणाने वागावे तसे ते अधिकच बिघडतात, अशी तक्रारही करतो. या वाटेवर त्याने सात पत्रे लिहिली, चार स्मुर्णाहून आणि तीन त्रोवसहून. बिशपला सोडून काहीही करू नका, हे पालुपद त्यांतल्या सहा पत्रांत आहे. इफिसचा ओनेसिम, मॅग्नेशियाचा वयाने लहान असलेला दामास, त्राल्लेसचा पॉलिबियस यांना तो नावानिशी ओळखतो. सातवे पत्र रोमला आहे आणि त्यात तिथल्या बिशपचा उल्लेखच नाही. पैलतीर यांना हे सोयीचे वाटेल, पण रोमन आशिया प्रांतातील (आजच्या पश्चिम तुर्कस्तानातील) मंडळ्यांत एकेक बिशप होता हेही मग त्यांना मान्य करावे लागेल.

पैलतीर:
मान्य आहे. परंतु जे सर्वांनी निमूट स्वीकारले आहे, ते इतक्यांदा बजावावे लागत नाही. फिलदेल्फियात काही जण त्याच्याशी वाद घालत होते की जुन्या ग्रंथांत जे सापडत नाही त्यावर आम्ही विश्वास ठेवणार नाही, आणि त्याला ख्रिस्त हाच माझा ग्रंथ आहे असे उत्तर द्यावे लागले. दामासच्या कोवळ्या वयाचा कोणी गैरफायदा घेऊ नये असेही त्याला लिहावे लागले. मला या पत्रांत व्यवस्था घडत असताना दिसते, घडून गेलेली नाही.

संमती काढून घेण्याबद्दल म्हणाल, तर 254च्या सुमारास स्पेनमध्ये तेच घडले. रोमन सम्राट डेसियसने केलेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळाच्या काळात बॅसिलिडीस आणि मार्शियालिस या दोन बिशपांनी मूर्तींना अर्पण केल्याचे दाखले मिळवून जीव वाचवला होता. त्यांच्या मंडळ्यांनी त्यांना काढून दुसरे नेमले, तेव्हा बॅसिलिडीस रोमला गेला आणि तिथला बिशप स्टीफन याचा पाठिंबा मिळवून आला. उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचा बिशप सिप्रियन याने इतर आफ्रिकी बिशपांसह त्या मंडळ्यांना कळवले की योग्य याजक निवडण्याची आणि अयोग्य नाकारण्याची शक्ती मुख्यतः लोकांकडेच आहे. क्लेमेंटचे पत्रही काढलेले वडील निर्दोष होते यावरच भर देते.

तटबंदी:
निर्दोषाला काढता येत नाही, एवढे आपण मान्य केलेत, म्हणजे लोकांच्या मर्जीला कुंपण आले. आणि सिप्रियन आपल्या कामाचा नाही. बिशप मंडळीत आहे आणि मंडळी बिशपमध्ये आहे, असे लिहिणारा तोच. पाखंड्यांनी दिलेला बाप्तिस्मा ग्राह्य धरावा की नाही, यावर स्टीफनशी त्याचे बिनसले. 256च्या सप्टेंबरात कार्थेजच्या सभेत 87 बिशपांची मते नोंदली गेली आणि आपल्यापैकी कोणीही बिशपांचा बिशप होऊन बसत नाही, असे त्याने सुनावले. आफ्रिकेहून गेलेल्या बिशपांना स्टीफनने भेट तर नाकारलीच, पण त्यांना कोणी निवाराही देऊ नये असे मंडळीला बजावले, असा आरोप कैसरियाचा बिशप फर्मिलियन याने पत्रात केला आहे. हे वर्तन शोभणारे नव्हते, हे मीही म्हणतो. पण हा झगडा बिशपा-बिशपांतला आहे. बिशप नकोच, असे त्या दोघांपैकी कोणीही म्हणत नाही.

मावळती:
थोडे अवांतर. अहमदनगर भागातील काँग्रिगेशनल परंपरेच्या मंडळ्यांत कारभार मंडळीच्या सभेने चालत असे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा त्यांनी बिशपपद स्वीकारले, मात्र घटनेच्या चौकटीत बांधलेले. पैलतीर आणि तटबंदी या दोघांच्याही म्हणण्यातला एकेक तुकडा त्यात आहे, आणि तो सांधा अजूनही कुरकुरतो.

तटबंदी:
सांधा आहे, हे महत्त्वाचे. मूळ प्रश्नाबद्दल एवढेच, की 170च्या सुमारास करिंथचा बिशप डायोनिसियस रोमचा बिशप सोटर याला लिहितो की क्लेमेंटचे पत्र आमच्याकडे अजूनही प्रभूच्या दिवशी वाचले जाते. पाऊणशे वर्षांनीही करिंथ ते पत्र जपून वाचत होते. परक्याची लुडबुड कोणी अशी जपत नाही.

पैलतीर:
त्याच डायोनिसियसने रोमची थोरवी कशात पाहिली तेही सांगायला हवे होते. गावोगावच्या मंडळ्यांना आणि खाणींत शिक्षा भोगणाऱ्या बंधूंना रोम पहिल्यापासून मदत पाठवत आले, यासाठी तो सोटरचे आभार मानतो. इग्नेशियसही रोमला प्रीतीत अग्रस्थानी असलेली मंडळी म्हणतो. करिंथने रोमचे ऐकले असेल तर ते या पुण्याईमुळे, आणि स्टीफनने ती निवारा नाकारण्यात खर्च केली तेव्हा फर्मिलियनसारख्या माणसाने त्याला जुमानले नाही.