गंजगोलाईत बसणाऱ्या मनोरुग्ण माणसासाठी पोलिसांना बोलवावं का? कसं?

गोलाईतला दुकानदार (लातूर):
नमस्कार मंडळी. गंजगोलाई बाजाराजवळच्या एका गल्लीत माझं भांड्याचं दुकान आहे. दिवाळीपासून आमच्या शटरपाशी एक माणूस बसायलाय. वय पस्तीस-चाळीस असेल, अंगात एकावर एक तीन शर्ट, पायाला चिंधी बांधलेली आणि तिच्याखाली जखम चिघळलीय, जवळ गेलं की वास येतो. एकटाच बोलत असतो, तेलुगू वाटते. कुणाला हात लावला नाही आजपर्यंत, फक्त बाजाराच्या दिवशी गर्दी आणि हॉर्न वाढले की कान दाबून ओरडतो, मग गिऱ्हाईक बिचकतं. आता गल्लीत बोलणं चाललंय की रात्री टेम्पोत घालायचं आणि लांब हायवेला सोडून यायचं. मला हे अजिबात पटेना, अंधारात गाडीखाली येऊन मरंल तो. पण पोलिसांना सांगावं तर लॉकअपमध्ये घालतील का, मारतील का ही भीती वाटते. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

धाराशिवचा वकील:
दादा, पहिलं म्हणजे टेम्पोवाला प्रकार काहीही करून थांबवा. आणि पोलिसांना नक्की सांगा, कारण हे त्यांचं कामच आहे, उपकार नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा आहे, 29 मे 2018 पासून लागू. त्याचं कलम 100 वाचा. रस्त्यावर भटकणारा माणूस मानसिक आजारी आहे आणि स्वतःची काळजी घेऊ शकत नाही असं वाटलं तर पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यानं त्याला संरक्षणात घ्यायचं, आणि 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणीला न्यायचं. लॉकअप किंवा जेलमध्ये ठेवायला स्पष्ट मनाई आहे. 1987 च्या जुन्या कायद्यात आधी मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावं लागायचं, त्यामुळं बऱ्याच जणांच्या डोक्यात अजून तेच बसलंय. आता थेट दवाखाना. आणखी एक, बेघर असेल तर हरवलेली व्यक्ती म्हणून एफआयआर नोंदवायचा आणि घरचे शोधायचे ही जबाबदारी पण पोलिसांचीच. अर्ज लेखी द्या, कलम लिहून द्या, पोच घ्या. त्याला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, म्हणून एक प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला द्या.

खाकीत तीस वर्षं (बीड):
वकीलसाहेबांचं बरोबर आहे, पण ठाण्यातली बाजू पण ऐका. रात्रपाळीला माणसं कमी, त्यात असा रुग्ण दवाखान्यात न्यायचा म्हणजे दोन माणसं तिकडंच अडकतात. तिथं डॉक्टर विचारणार नातेवाईक कोण, सही कोण करणार, जवळ कोण थांबणार. आमचा शिपाई काय सांगणार? म्हणून कर्मचारी टाळतात, दुष्टपणा नसतो सगळ्यांच्यात. आमच्या इथं काम तेव्हा सोपं झालं जेव्हा बाजारातली चार माणसं सोबत आली. एकानं गाडी दिली, एकजण वॉर्डात थांबला, कपडे-चप्पल आणली. तुम्ही बीट अंमलदाराला, म्हणजे तुमच्या भागाच्या पोलिसाला, आधी भेटा, दिवसा, चहा पिता पिता. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम असते, त्यांचा नंबर आधीच घ्या. रात्री बारा वाजता कुणाला शोधत बसणार? आणि न्यायच्या वेळी गर्दी करू नका, मोबाईल वर करून शूटिंग करणाऱ्यांना आधी हाकला.

नांदेडची बहीण:
भाऊ, माझ्या सख्ख्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे म्हणून लिहायलेय. तो दोनदा घरातून गेला होता. एकदा चौघांनी हातपाय धरून गाडीत टाकलं, त्यानंतर खाकी दिसली की थरथर कापायचा. दुसऱ्या वेळी एक पोलीस ताई साध्या कपड्यात आल्या, त्याच्या शेजारी जमिनीवर बसल्या, बिस्किटाचा पुडा मधे ठेवला आणि तो बोलेपर्यंत काहीच बोलल्या नाहीत, बराच वेळ गेला पण तो स्वतःच्या पायानं गाडीत बसला. तुमच्या माणसाला पण आधी त्याच्या भाषेत बोलणारं कुणीतरी द्या. कान दाबतो म्हणता तर सकाळी लवकर, दुकानं उघडायच्या आधी न्या. जखमेचं डॉक्टरला आवर्जून सांगा, मानसिक आजार दिसला की अंगाचं दुखणं बघायचं राहून जातं. आणि हात जोडून सांगते, वेडा म्हणू नका त्याच्यासमोर, सगळं कळत असतं. आमच्या घरात पण कळत नव्हतं काय करावं, तेव्हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर बोलले होते, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

एमएसडब्ल्यूची (समाजकार्याची) विद्यार्थिनी (संभाजीनगर):
पोलीस आणि गावातले लोक मिळून हे करतात याचं जुनं उदाहरण अमेरिकेतल्या मेम्फिसचं आहे. 1987 मध्ये तिथं पोलिसांच्या गोळीनं एक मानसिक आजारी तरुण मेला, त्यानंतर 1988 मध्ये पोलीस, डॉक्टर आणि रुग्णांच्या घरच्यांनी मिळून खास पथक उभं केलं, त्यातल्या पोलिसांना 40 तासांचं ट्रेनिंग. पण मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे दवाखान्यानं पोलिसांनी आणलेला रुग्ण परत पाठवायचा नाही हे आधीच ठरलेलं होतं. आपल्याकडं नेमकं तिथंच अडतं. राज्यातली जुनी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीला, मराठवाड्यातून सगळीच लांब. सहीचं म्हणाल तर कायद्यात सोय आहे, नातेवाईक नसेल तर मानसिक रुग्णांसाठी काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेचा माणूस तात्पुरता नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे रुग्णाच्या बाजूनं उभा राहणारा माणूस, होऊ शकतो. घरी पोचवायचं काम कर्जतची श्रद्धा फाउंडेशन करते, डॉ. भरत वाटवानींना 2018 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तीच संस्था. खरी परीक्षा दवाखान्यातून सुटल्यावर, कारण गोळ्या बंद झाल्या की आजार उलटतो. तेव्हा बाजारानं हात काढून घेतला तर पोलीस एकटे काही करू शकत नाहीत.

गोलाईतला दुकानदार (लातूर):
सगळ्यांचे मनापासून आभार. शेजारच्या तीन दुकानदारांना हे वाचून दाखवलं, त्यातले दोघं टेम्पोवाल्यांच्या बाजूचे होते, आता गाडी द्यायला तयार आहेत. अर्ज लिहायला घेतलाय, वकीलसाहेब एकदा नजर टाकाल का? आणि देगलूर, धर्माबादकडचं तेलुगू बोलणारं कुणी लातुरात आहे का?

देगलूरकर:
मी आहे, औसा रोडला राहतो. आजी तेलुगूच बोलायची. सकाळी सहाला येऊ शकतो, नंबर मेसेज करा.