तारण कृपेने, मग सत्कर्मं कशाला?
ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे: तारण, म्हणजे पापांपासून सुटका, देवाच्या कृपेनेच मिळतं, तर चांगलं वागायचं कशासाठी? बायबलच्या नव्या करारातल्या इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय सलग वाचा. आठव्या-नवव्या वचनात येशूचा प्रेषित पौल सांगतो की तारण हे देवाचं दान, कर्मांची कमाई नव्हे. आणि लगेच दहाव्यात म्हणतो, सत्कर्मांसाठीच आपल्याला घडवलंय. लोक नवव्यावरच थांबतात! येशूशेजारी वधस्तंभावर टांगलेल्या चोराला तर एकही सत्कर्म करायला वेळ नव्हता, तरी त्याला 'आजच' सुखलोकाचं वचन मिळालं.

आता कसं वागायचं, म्हणजे देवाची इच्छा काय, हे शोधायला मात्र डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट ठेवायचं, असं कृपया करू नका. बरीचशी इच्छा स्पष्ट लिहिलेलीच आहे. मीखा संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 6:8 पाहा: न्याय, दया, देवापुढे नम्रता. नोकरी-लग्नासारख्या निर्णयांत प्रार्थना करा, मंडळीतल्या (चर्चमधल्या) वडीलधाऱ्यांशी बोला.