अपराजित राहूनही फ्लोरिडा स्टेटला २०२३ च्या प्लेऑफमध्ये जागा का मिळाली नाही?

सायंतारा (प्रश्न):
अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या २०२३ च्या हंगामात फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या संघाने तेरापैकी तेरा सामने जिंकले आणि अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचे (कॉन्फरन्स म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) विजेतेपदही मिळवले. तरीसुद्धा राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या प्लेऑफसाठी ३ डिसेंबरला जाहीर झालेल्या चार संघांमध्ये त्यांचे नाव नव्हते. प्रत्येकी एक सामना हरलेले टेक्सस आणि अलाबामा मात्र त्यात होते. क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे सांभाळणारा व पास देणारा खेळाडू) जॉर्डन ट्रॅव्हिस याचा पाय मोडला होता हे मला ठाऊक आहे, परंतु त्याच्याशिवायही संघ हरला नव्हता. निवड समितीला असा निर्णय घेण्यासाठी नियमांत नेमका कोणता आधार होता? आणि पुढे ऑरेंज बोल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात जॉर्जियाने त्यांचा ६३–३ असा धुव्वा उडवला, त्यामुळे समितीचे म्हणणे खरे ठरले असे मानावे काय?

दीपस्तंभ:
आधार होता, हे आधी मान्य करावे लागेल. तेरा सदस्यांच्या या समितीला देशातील सर्वोत्तम चार संघ निवडायचे होते, आणि जवळपास तुल्यबळ संघांची तुलना करताना कॉन्फरन्सचे विजेतेपद, प्रतिस्पर्ध्यांची ताकद व परस्परांतील सामन्याचा निकाल यांच्याबरोबरच महत्त्वाचे खेळाडू उपलब्ध नसल्यामुळे कामगिरीवर काय परिणाम होईल, हेही विचारात घेण्याची मुभा कार्यपद्धतीत स्पष्टपणे दिलेली होती. अध्यक्ष बू कॉरिगन यांनी निर्णयाचे समर्थन याच मुद्द्यावर केले: ट्रॅव्हिसविना खेळणारा संघ हा आधीच्या अकरा आठवड्यांतला संघ राहिलेला नाही.

परंतु माझ्या मते खरी अडचण २ डिसेंबरला अटलांटामध्ये उभी राहिली. सलग २९ सामने जिंकून पहिल्या क्रमांकावर असलेल्या जॉर्जियाला अलाबामाने साउथईस्टर्न कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात २७–२४ असे हरवले. त्याआधीच्या क्रमवारीत फ्लोरिडा स्टेट चौथे, टेक्सस सातवे आणि अलाबामा आठवे होते. मिशिगन व वॉशिंग्टन अपराजित असल्याने त्यांच्या जागा निश्चित होत्या. उरलेल्या दोन जागांसाठी तीन दावेदार राहिले. टेक्ससने सप्टेंबरमध्ये अलाबामाला त्यांच्याच मैदानावर ३४–२४ असे हरवलेले असल्यामुळे टेक्ससला वगळून अलाबामाला घेणे कोणालाही पटले नसते. म्हणजे एकतर अलाबामाला बाहेर ठेवायचे आणि २०१४ पासून प्रथमच साउथईस्टर्नचा एकही संघ नसलेले प्लेऑफ भरवायचे, किंवा फ्लोरिडा स्टेटला वगळायचे. समितीने दुसरा मार्ग पत्करला. (एका आठवड्यापूर्वी ऑबर्नविरुद्ध अलाबामा पिछाडीवर असताना चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात, ३१ यार्ड हवे होते आणि तो पास टचडाउनसाठी झेलला गेला. तो चेंडू खाली पडला असता, तर ही चर्चा बहुधा झालीच नसती.)

मोरपंखी:
दीपस्तंभ यांनी हिशेब अचूक मांडला आहे, पण त्यातून निष्पन्न होणारी गोष्ट मला मान्य नाही. पॉवर फाइव्ह म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाच बलाढ्य कॉन्फरन्सांपैकी एखादीचा अपराजित विजेता वगळला जाण्याची चार संघांच्या प्लेऑफमधील ही पहिलीच वेळ होती. या संघाने हंगामाच्या आरंभी एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) ४५–२४ असे हरवले, क्लेम्सनमध्ये जाऊन जादा वेळेत ३१–२४ असा विजय मिळवला आणि १८ नोव्हेंबरला नॉर्थ अलाबामाविरुद्ध ट्रॅव्हिस जायबंदी झाल्यानंतर ०–१३ अशा पिछाडीवरून सलग ५८ गुण केले. पुढच्या आठवड्यात टेट रोडमेकरच्या हाती सूत्रे देऊन फ्लोरिडाला २४–१५ असे नमवले. त्यालाही डोक्याला मार लागल्यामुळे लुईव्हिलविरुद्धच्या अंतिम सामन्यात ब्रॉक ग्लेन हा प्रथम वर्षाचा खेळाडू उतरवावा लागला, आणि बचावफळीने तो सामना १६–६ असा जिंकून दिला. संघ एका खेळाडूवर उभा नव्हता, याचा याहून ठोस पुरावा मैदानावर कसा द्यायचा असतो? माझा पाय हंगामात आधीच मोडला असता तर बरे झाले असते, म्हणजे बाकीचा संघ काय आहे हे तुम्हाला दिसले असते, अशा आशयाचे उद्गार खुद्द ट्रॅव्हिसने निकालानंतर काढले होते.

शिवाय २०१४ मध्ये याच समितीने ओहायो स्टेटला तिसऱ्या पसंतीचा क्वार्टरबॅक कार्डेल जोन्स खेळत असतानाही आत घेतले, आणि ते राष्ट्रीय विजेते झाले.

दीपस्तंभ:
जोन्सने कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात विस्कॉन्सिनला ५९–० असे हरवले होते. १६–६ पाहून समितीला तशी खात्री वाटली नाही, यात मला नवल वाटत नाही.

उंबरठा:
प्रश्नाच्या दुसऱ्या भागाबद्दल लिहितो. ३० डिसेंबरच्या त्या निकालावरून समिती बरोबर होती किंवा चुकली होती, यांपैकी काहीही सिद्ध होत नाही. बोल सामन्यांच्या इतिहासातील तो सर्वांत मोठ्या फरकाचा पराभव असला, तरी त्या दिवशी फ्लोरिडा स्टेटचे दोन डझनांहून अधिक खेळाडू गैरहजर होते. रिसीव्हर कीऑन कोलमन, जॉनी विल्सन, रनिंग बॅक ट्रे बेन्सन आणि बचावातील जॅरेड व्हर्स यांच्यासारख्यांनी एनएफएल या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीचा विचार करून सामना सोडला, काहींनी अन्य विद्यापीठांची वाट धरली, आणि रोडमेकरही खेळला नाही. विजेतेपद पणाला असते तर यांतले बहुतेक जण मैदानावर दिसले असते असे मला वाटते. जॉर्जियाचा राग वेगळाच होता. एकाच पराभवामुळे तेही पहिल्या क्रमांकावरून सहाव्यावर घसरून बाहेर राहिले होते.

सायंतारा:
आपणा सर्वांचे आभार. प्लेऑफची २०२४ मध्ये आलेली बारा संघांची रचना तेव्हाच लागू असती, तर हा प्रश्न सुटला असता का?

उंबरठा:
फ्लोरिडा स्टेटपुरता नक्कीच सुटला असता, कारण २०२४ मध्ये लागू झालेल्या त्या रचनेत क्रमवारीत सर्वांत वर असलेल्या पाच कॉन्फरन्स विजेत्यांना प्रवेशाची हमी होती आणि पाचव्या क्रमांकावरचा हा विजेता त्यांत सहज बसला असता. दुखापतीचा विचार मात्र समिती आजही करू शकते. फक्त आता त्याची झळ कॉन्फरन्स न जिंकलेल्या, यादीच्या तळाशी असलेल्या संघांना बसण्याची शक्यता अधिक आहे.