मुलींना विज्ञानाकडे वळवण्यासाठी विज्ञान गुलाबी करावे लागते का?

रेवती_मुलुंड

आमच्या भागातील एका संस्थेने २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांसाठी दोन शिबिरे जाहीर केली आहेत. 'सर्वांसाठी' असलेल्या शिबिरात रोबो, ड्रोन आणि सेन्सर आहेत. 'खास मुलींसाठी' असलेल्या शिबिरात स्वयंपाकघरातील रसायनशास्त्र, घरच्या घरी साबण व लिपबाम आणि समारोपाला विज्ञान-रांगोळी स्पर्धा आहे. दुसऱ्या शिबिराचे पत्रक अर्थातच गुलाबी आहे. मुलींनी विज्ञानात यावे ही आयोजकांची इच्छा प्रामाणिक आहे याविषयी मला शंका नाही. माझा आक्षेप आहे तो ही इच्छा ज्या गृहीतकावर उभी आहे त्याला.

असे प्रयत्न इतरत्रही झाले आणि फसले. युरोपीय आयोगाने जून २०१२ मध्ये मुलींना विज्ञानाकडे आकर्षित करण्यासाठी एक चित्रफीत काढली होती. तिच्यात उंच टाचांच्या चपला घातलेल्या तरुणी फॅशनच्या मंचावर यावे तशा येतात, पांढरा कोट घातलेला पुरुष सूक्ष्मदर्शकावरून मान वर करून त्यांच्याकडे पाहतो, रसायनांबरोबर प्रसाधनेही उधळली जातात आणि 'सायन्स' या शब्दातील एका अक्षराच्या जागी लिपस्टिक उभी असते. शास्त्रज्ञ स्त्रियांनीच त्यावर इतकी टीका केली की काही दिवसांत ती मागे घ्यावी लागली. २०१५ मध्ये आयबीएमने तंत्रज्ञान क्षेत्रातील स्त्रियांना हेअर ड्रायरवर करामती करून दाखवण्याचे आवाहन केले. तीही मोहीम माफी मागून थांबवावी लागली. या सर्वांमागे एकच समजूत आहे. विज्ञान जसे आहे तसे मुलींना आवडणार नाही, म्हणून त्यावर मुलींच्या आवडीचा मुलामा चढवावा, आणि ती आवड कोणती हे आपण ठरवावे.

आपल्याकडे तर मुळात पहिलाच भाग खरा नाही. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२०-२१ च्या अहवालानुसार विज्ञान शाखेत पदवीपासून पीएच.डी.पर्यंत शिकणाऱ्यांत २९.५ लाख मुली आणि २६ लाख मुलगे होते. प्रत्यक्ष संशोधनात काम करणाऱ्यांत मात्र स्त्रिया पाचांत एक एवढ्याही नाहीत. ज्या मुली आधीच वर्गात येऊन बसल्या आहेत त्यांना वर्गात बोलावण्यासाठी आपण लिपबाम शिकवत आहोत, आणि त्या पुढे जातात कुठे हे विचारायला कोणी तयार नाही.

शाळाबाई

रेवतीताई, तुमचा राग समजतो. पण तो ज्या घरांतून येतो त्या घरांत मुलीला विज्ञान शाखा मिळणार की नाही हा प्रश्न बहुधा कधी पडलेलाच नसतो. मी पूर्व उपनगरातील एका पालिका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. माझ्या वर्गातील मुलीच्या बाबतीत निर्णय ती स्वतः घेत नाही, तिची आई घेते, आणि आईचा निर्णय बहुतेक वेळा गावाकडची आजी किंवा मोठे दीर ठरवतात. 'सायन्स घेतले तर क्लासची फी कोण भरणार', 'शिकून पंचवीस वर्षांची झाली तर स्थळ कसे मिळणार', 'प्रॅक्टिकल संपवून संध्याकाळी सातला एकटी कशी येणार', हे त्यांचे प्रश्न आहेत आणि ते खोटे नाहीत.

या आयांपर्यंत पोहोचण्यासाठी मी संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाचा उपयोग करते. पालकसभेला दहा जणी येतात, हळदीकुंकवाला सगळी चाळ येते. तिथे मी दूध का नासते, पापडखार म्हणजे काय, कुकरची शिटी नक्की काय करते, हे सांगते. मग हळूच प्रयोगवहीतील तेच धडे दाखवते. आपल्या हातातील ज्ञानाला शाळेत नाव आहे आणि आपली लेक ते पुढे शिकू शकते, हे त्या बाईला कळते तेव्हा तिचा चेहरा बदलतो. याला कोणी साचेबद्धपणा म्हणणार असेल तर म्हणो. केंद्र सरकारच्या 'विज्ञान ज्योती' योजनेतही मुलींबरोबर पालकांच्या समुपदेशनाचा विचार आहे, तो उगाच नाही.

माझ्या वर्गात मंगळयान कक्षेत पोहोचल्याच्या दिवसाचे, २४ सप्टेंबर २०१४ चे, ते प्रसिद्ध छायाचित्र लावलेले आहे: रेशमी साड्या, केसांत गजरे आणि एकमेकींना मारलेल्या मिठ्या. त्याकडे पाहून एका आईने मला विचारले होते, 'म्हणजे या आपल्यासारख्याच बायका आहेत?' मला जे वर्षभर सांगता आले नसते ते त्या गजऱ्याने सांगितले.

ट्रॉम्बेकर

शाळाबाईंचा आदर राखून एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. त्या छायाचित्रातील स्त्रिया प्रशासकीय कर्मचारी होत्या, असा खुलासा इस्रोने नंतर केला. त्याच वेळी, त्या मोहिमेवर अनेक शास्त्रज्ञ स्त्रियांनी काम केले होते आणि त्यांपैकी काही त्या क्षणी नियंत्रण कक्षात होत्या, हेही सांगितले. नंदिनी हरिनाथ आणि रितू करिधाल यांची नावे त्यानंतर सर्वत्र झाली. २०१९ च्या चांद्रयान-२ मोहिमेत प्रकल्प संचालक एम. वनिता आणि मोहीम संचालक रितू करिधाल या दोघी स्त्रियाच होत्या. कार्यालयीन काम कमी प्रतीचे असते असे मला म्हणायचे नाही. परंतु जगाला शास्त्रज्ञ स्त्री 'दिसली' ती गजऱ्यामुळे, आणि ज्या खरोखर यानाची दिशा सांभाळत होत्या त्या त्या चित्रात नव्हत्याच, याचा विचार व्हावा.

मी आयुष्यभर संशोधन संस्थेत नोकरी केली, आता निवृत्त आहे. माझे मत दोघींहून वेगळे आहे. पत्रक गुलाबी असो वा निळे, त्याने काडीचा फरक पडत नाही. आयआयटीतील पदवीच्या प्रवेशांत २०१६ च्या सुमारास मुली आठ-नऊ टक्के होत्या. २०१८ पासून मुलांच्या जागा न घटवता मुलींसाठी वाढीव जागा निर्माण केल्या गेल्या, पहिल्या वर्षी लक्ष्य १४ टक्के होते, २०२० मध्ये ते २० टक्के झाले आणि पवईच्या आवारातील चित्र पाहता पाहता बदलले. कित्येक वर्षांची भाषणे जे करू शकली नाहीत ते एका प्रशासकीय निर्णयाने केले. पुढच्या टप्प्यावरही तेच. २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. पण फेलोशिपवर काम करणारी संशोधक 'कर्मचारी' की 'विद्यार्थिनी', हा घोळ ज्या संस्थेत आहे तिथे ती मुलाला कुठे ठेवणार? मुली गळतात त्या तिशीच्या आसपास, आणि आपण चर्चा करतो आहोत तेरा वर्षांच्या मुलीच्या पत्रकाच्या रंगाची.

निरीक्षक

कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. मुलींना माणसांत रस असतो, मुलांना वस्तूंत. सरासरीने हा फरक अनेक देशांत आढळतो. तो मान्य करून विज्ञानाची मांडणी मुलींच्या कलाने केली तर त्यात अपमान कोणता? प्रत्येक फरकाच्या मागे अन्याय शोधण्याची सवय बरी नव्हे.

रेवती_मुलुंड

निरीक्षक, अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या मध्यास संगणकशास्त्राच्या पदवीधरांत स्त्रिया ३७ टक्क्यांच्या आसपास होत्या. पुढच्या पंचवीस वर्षांत ते प्रमाण निम्म्यावर आले. निसर्ग एवढ्या घाईने बदलत नाही. त्याच काळात आपल्याकडे संगणकाच्या वर्गांत मुलींची गर्दी वाढत गेली, कारण इथल्या पालकांना ते बैठे, सुरक्षित आणि पगाराचे काम वाटले. म्हणजे सरासरी रस म्हणून जे मोजले जाते त्यात घरच्यांचे हिशेब किती मिसळलेले असतात ते पाहा.

शाळाबाईंच्या हळदीकुंकवाला मी साचेबद्ध म्हणणार नाही, कारण त्या तिथून सुरुवात करून प्रयोगवहीपर्यंत जातात. पण आदर्श म्हणून कोणाला उभे करावे याविषयी एक अभ्यास सांगावासा वाटतो. मिशिगन विद्यापीठातील दोन संशोधक स्त्रियांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहावी-सातवीच्या मुलींना विज्ञान-गणितात यशस्वी झालेल्या विद्यार्थिनींची ओळख करून दिली होती. काहींना ती गुलाबी कपड्यांत, मेकअप केलेली, फॅशनची मासिके वाचणारी अशी दाखवली, तर काहींना गडद कपड्यांत, चष्मा लावलेली, वाचनाची आवड असलेली. पहिल्या प्रकारच्या ओळखीनंतर मुलींचा गणितातील रस आणि स्वतःविषयीचा विश्वास दुसऱ्या गटाच्या तुलनेत कमी आढळला, आणि ज्यांना हे विषय मुळातच आपले वाटत नव्हते त्यांना 'हे दोन्ही एकाच वेळी आपल्याला जमणार नाही' असे वाटले. आपल्याकडचे सत्कार आठवा: 'घर, सणवार, मुलांचे अभ्यास सांभाळून त्यांनी संशोधन केले.' सभागृहात बसलेल्या मुलीला त्यातून जे ऐकू येते ते प्रोत्साहन नसते. ती दोन नोकऱ्यांची अट असते.

शाळाबाई

अमेरिकेतील सहावीच्या मुलींवरून माझ्या वर्गातील मुलींचे निदान करू नये एवढीच विनंती. इथे गजरा म्हणजे फॅशन नव्हे.

स्वयंपाकघराचे म्हणाल, तर कमला सोहोनींचे काम आठवावे. नीरा, डाळी आणि कडधान्यांतील प्रथिने, तांदळाचे पीठ, हेच त्यांच्या संशोधनाचे मोठे विषय होते, आणि त्याच आपल्या फोर्टमधील विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. शिवाय वेगळे शिबिर म्हणजे दुय्यम शिबिर असे का धरावे? लोकलमध्ये महिलांचा डबा वेगळा असतो म्हणून कोणी बायकांना कमी प्रतीचे प्रवासी मानत नाही. तो डबा नसता तर माझ्यासारख्या कित्येकींनी नोकरीच केली नसती.

रेवती_मुलुंड

महिलांचा डबा त्याच गाडीला जोडलेला असतो आणि त्याच सीएसएमटीला पोहोचतो. या शिबिरातील मुली लिपबामच्या स्थानकावर उतरतात आणि ड्रोनची गाडी पुढे निघून जाते, तक्रार ती आहे.

कमलाबाईंचे उदाहरण तुम्ही दिलेत ते बरे झाले. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने मिळवून त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला, तेव्हा सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री आहेत म्हणून प्रवेश नाकारला होता. त्या हटून बसल्या, तेव्हा प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिले वर्ष परीक्षाधीन, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम, आणि संस्थेचे वातावरण बिघडू न देण्याची हमी. पुढे त्या केंब्रिजला गेल्या आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली ती वनस्पतींतील सायटोक्रोम-सी या श्वसनक्रियेशी संबंधित घटकावरील कामासाठी. डाळी आणि नीरा त्यांनी घेतल्या त्या देशातील कुपोषणाचा प्रश्न समोर होता म्हणून. विषय निवडण्याचा अधिकार आधी मिळवला आणि मग तो निवडला. आठवीच्या मुलीला तो विषय पत्रकावरच नेमून देणे याला मी त्यांचा वारसा म्हणणार नाही.

अपर्णा_के

मी रसायनशास्त्रात पीएच.डी. करते आहे, चौथे वर्ष आहे. रेवतीताईंशी मी बहुतांशी सहमत आहे, पण 'तटस्थ' प्रतिमेविषयी मला गंभीर शंका आहे. प्रयोगशाळेत ज्याला तटस्थ म्हणतात ते बहुतेक वेळा पुरुषांचे असते. मी पहिल्या वर्षी कानांत झुमके आणि ओठांवर लाली घालून चर्चासत्राला गेले, तर एका ज्येष्ठाने सौम्य स्वरात सुचवले की संशोधनात टिकायचे असेल तर 'थोडे साधे' राहावे, नाहीतर लोक गांभीर्याने घेत नाहीत. गुलाबी पत्रक मुलीला सांगते की तुला विज्ञान सजवून द्यावे लागेल. हे गृहस्थ सांगत होते की विज्ञान हवे असेल तर सजणे सोड. मला यांत फारसा फरक दिसत नाही. गडद कपडे आणि चष्मा हीच शास्त्रज्ञाची खूण ठरवली तर आपण एक साचा मोडून जुनाच साचा परत आणतो.

ट्रॉम्बेकरकाकांना एवढेच सांगेन की पाळणाघर आणि प्रतिमा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. रात्री साडेअकरापर्यंत प्रयोग चालला तर माझ्या बरोबरीच्या मुलाला 'मेहनती' म्हणतात आणि मला 'घरी कसे चालते?' असे विचारतात. ज्या समितीला हा प्रश्न स्वाभाविक वाटतो, ती नेमणुकीच्या वेळी माझे वय आणि लग्न या दोन्हींची मनातल्या मनात बेरीज करते. नियम कितीही चांगले असले तरी ते राबवणारी माणसे हीच आहेत. आणि दर ११ फेब्रुवारीला, विज्ञानातील स्त्रिया व मुलींच्या आंतरराष्ट्रीय दिनानिमित्त, आमच्यापैकी एकीला व्यासपीठावर बसवून 'तोल कसा साधता' हे विचारण्यापेक्षा त्या दिवशी आमच्या कामाविषयी एक प्रश्न विचारला तरी चालेल.

ट्रॉम्बेकर

अपर्णा, समितीविषयीचे तुझे म्हणणे खरे आहे. मी अशा समित्यांवर बसलो आहे. म्हणूनच मनोवृत्ती बदलण्याची वाट न पाहता नियम कडक करावेत असे मला वाटते. मुलाखतीत वैवाहिक स्थिती विचारण्यास मनाई असेल आणि निवडीची कारणे लेखी द्यावी लागत असतील, तर मनातल्या बेरजेला फार वाव राहत नाही.

रेवती_मुलुंड

गजरा माळणारी शास्त्रज्ञ, जीन्समधली शास्त्रज्ञ, दोन्ही दिसाव्यात. अपर्णाचे म्हणणे मला मान्य आहे. माझा विरोध पोशाखाला नाही, अभ्यासक्रम लिंगानुसार वाटण्याला आहे. मी आयोजकांना पत्र लिहिते आहे की दोन्ही शिबिरे एकत्र करावीत. इथल्या कोणाला सही करायची असल्यास कळवावे.

शाळाबाई

एकत्र केलीत तर माझ्या वर्गातील निम्म्या मुली येणार नाहीत, हे मी आजच लिहून देते. मुलांबरोबर दिवसभराचे शिबिर म्हटल्यावर घरून परवानगीच मिळत नाही. मुलींची तुकडी वेगळी ठेवा, शिकवायला बाई ठेवा, पाचच्या आत सोडा, आणि त्या तुकडीला तेच ड्रोन, तेच सेन्सर द्या. पत्रात एवढा बदल करणार असाल तर पहिली सही माझी. रांगोळी मात्र काढून टाकू नका. ती मुलांच्या तुकडीलाही ठेवा. ठिपके मोजून सममिती साधायला त्यांना किती वेळ लागतो ते मला पाहायचे आहे.