मदत हवी आहे : घोडीला खोकला, नाक वाहतंय

मंडळी, माथेरानला आमची तीन जनावरं आहेत. त्यातली चार वर्षांची घोडी यंदाच सारंगखेड्याच्या यात्रेतून आणली. आठवडाभर झकास होती. मग कोरडा खोकला, नाकातून पाणी. परवापासून ते पिवळं, घट्ट झालंय. ताप १०२.८, एरवी १०१ च्या आत असतो. जबड्याखाली लिंबाएवढी गाठ आलीय, हात लावू देत नाही. तोबरा पुढे केला की हुंगते नि तोंड फिरवते.

तिला लांब बांधलंय, बादली-खरारा वेगळा. धूळ नको म्हणून गवत भिजवून देतो. शेजारचे काका म्हणतात, धुरी दे. खोकणाऱ्या जनावराला धूर? मला नाही पटत.

डॉक्टर उद्या खालून येतील. फोनवर म्हणाले, स्ट्रँगल्स (घोड्यांचा, जबड्याखाली गाठी आणणारा संसर्गजन्य रोग) वाटतो, पण ग्लँडर्स या दुसऱ्या, जास्त घातक रोगासाठी रक्त तपासू. ग्लँडर्स माणसालाही होतो, तोवर शेंबडाला उघड्या हाताने शिवू नका.

कुणाकडे स्ट्रँगल्स होऊन गेलाय का? गाठ शेकलीत का, फुटायला किती दिवस लागले? आणि बाकी दोघांना कामावर कधी काढलंत? त्यांचा ताप सकाळ-संध्याकाळ बघतोय, अजून तरी ठीक आहे. पण ऐन सीझनमध्ये तिघंही दावणीला म्हणजे चूल कशी पेटायची, सांगा.