शब्दचर्चा : ‘नर्व्ह ब्लॉक’ला रुग्णाला कळेल असं काय म्हणावं?

अनुवादिका, नाशिक :

नमस्कार. मी रुग्णांसाठीची माहितीपत्रकं आणि संमतिपत्रं मराठीत आणते. सध्या गुडघ्याच्या सांधेबदलानंतरचं दुखणं कमी करण्याबद्दलच्या एका क्लिनिकल ट्रायलचं काम हातात आहे. आधी कुणीतरी केलेला मसुदा माझ्याकडे तपासायला आलाय. त्यातलं एक वाक्य जसंच्या तसं देते : ‘या नैदानिक परीक्षणात विषयांना यादृच्छिकपणे दोन हातांमध्ये विभागून प्रादेशिक संवेदनाहरण देण्यात येईल.’

माझ्या आत्याचं पुढच्या महिन्यात हेच ऑपरेशन आहे. तिला वाचून दाखवलं. चष्मा काढून म्हणाली, “दोन हातांत कशाला? गुडघा करायचाय ना?” पुढच्या परिच्छेदात ‘नर्व्ह ब्लॉक’ (नसेजवळ इंजेक्शन देऊन तेवढा भाग बधिर करणं) आला आणि तिचा चेहराच उतरला. “मला ब्लॉक नाहीये गं. ईसीजी नॉर्मल आलाय, टूडी इकोसुद्धा.”

‘ट्रायल आर्म’चे ‘हात’ आणि ‘सब्जेक्ट’चे ‘विषय’ झालेत, ते मी काढतेच. ‘गट’ आणि ‘सहभागी’ हे सरळ शब्द आहेत. अडलंय ते ‘प्रादेशिक’ (इंग्रजीत ‘रीजनल’, म्हणजे शरीराच्या एका भागाचं) आणि ‘ब्लॉक’ या दोन ठिकाणी. सुचवा.

भूलतज्ज्ञ, सोलापूर :

ताई, आत्यांना वाटलं ते अगदी स्वाभाविक आहे. ‘दोन ब्लॉक निघाले’, ‘ऐंशी टक्के ब्लॉक आहे’ हे आपल्याकडे घराघरांत बोललं जातं. आम्ही ‘ब्लॉक देतो’ म्हटलं की माणसाला वाटतं, हे मुद्दाम नळी बंद करणार. मी तपासणीच्या वेळी तो शब्द वापरणं सोडून दिलंय. मी म्हणतो, “मांडीत एक इंजेक्शन देईन. सोनोग्राफीच्या मशीनवर नस बघून तिच्याजवळ औषध सोडतो. गुडघ्याची दुखण्याची जाणीव काही तास कमी राहते.”

तुमच्या पत्रकात एका गटाला मांडीतलं ॲडक्टर कॅनॉल इंजेक्शन आणि दुसऱ्याला त्याच्या जोडीला गुडघ्याच्या मागचं आयपॅक, असं असणार. पहिल्याने गुडघ्याचा पुढचा भाग शांत राहतो, मागचा दुखत राहतो, म्हणून ही तुलना चालते. यात एक मुद्दा भाषेच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. जांघेत फीमोरल नसेला औषध दिलं तर मांडीच्या स्नायूचा जोरही जातो, उभं राहताना गुडघा दुमडतो, रुग्ण पडू शकतो. ॲडक्टर कॅनॉलमध्ये जोर बराचसा टिकतो, दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चालवता येतं. इंग्रजी पत्रकात यासाठी ‘सेन्सरी’ (जाणिवेचं) आणि ‘मोटर’ (हालचालीचं) असे दोन शब्द येतात. मराठीत दोन्हींना ‘बधिर’ लिहिलं की ट्रायलचा गाभाच निघून जातो.

परिचारिका, २२ वर्षं ऑपरेशन थिएटर आणि वॉर्ड :

डॉक्टर म्हणतात त्याला आमच्या वॉर्डात शब्द आहेत. जाणीव गेली तर ‘बधिर’. जोर गेला तर ‘जड’ किंवा ‘लुळा’. स्पायनलनंतर (पाठीच्या कण्यात दिलेल्या भुलीनंतर) पेशंट स्वतःच सांगतात, “सिस्टर, पाय जड झालेत, उचलत नाहीत”, किंवा “हा पाय माझा वाटतच नाही.” उतरायला लागलं की “मुंग्या आल्या.” हेच शब्द घ्या, कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही. फक्त ‘लुळा’ जपून वापरा, त्याने लकव्याची भीती वाटते. ‘काही तास पाय जड वाटेल’ एवढं पुरे.

‘नस’बद्दल मात्र माझी शंका आहे. सलाईन लावताना आम्ही म्हणतो, “नस सापडत नाही.” ती रक्ताची. आणि कंबर धरली की “नस दबली.” ती वेगळी. कुठली ते पेशंटला कसं कळणार?

भाषेचा विद्यार्थी, कोल्हापूर :

‘नस’ आणि ‘शीर’ हे दोन्ही शब्द आपण दोन्हींसाठी वापरतो, ताईंचं बरोबर आहे. ‘मज्जातंतू’ अचूक आहे, पण तो शाळेच्या पुस्तकातला. पहिल्यांदा ‘दुखण्याची जाणीव मेंदूकडे नेणारी नस (मज्जातंतू)’ असं पूर्ण लिहावं आणि पुढे नुसतं ‘नस’.

आता ‘प्रादेशिक’. हा शब्द ऐकला की पक्ष, भाषा किंवा हवामान डोळ्यांपुढे येतं. ‘विभागीय’ म्हटलं तर आयुक्त आणि चौकशी. ‘क्षेत्रीय’ हिंदीतून आलेला. मला वाटतं, मराठीचा ‘-पुरता’ इथे कामाला लावावा : ‘भागापुरती भूल’. ‘तेवढ्यापुरतं’, ‘कामापुरता मामा’ हे आपण रोज बोलतो. मर्यादा सांगायला याहून नेमका शब्द आपल्याकडे नाही. समोर ‘पूर्ण भूल’ ठेवली की जोडी आपोआप लागते.

‘बधिर’बद्दलही सांगावंसं वाटतं. संस्कृतात त्याचा अर्थ ऐकू न येणारा, त्यातूनच आपला ‘बहिरा’ आला. एकाच शब्दाची दोन रूपं, आणि मराठीने त्यांची कामं वाटून घेतली : कानाला ‘बहिरा’, कातडीला ‘बधिर’. मेडिकल कॉलेजांच्या पाट्यांवर ‘बधिरीकरण विभाग’ असतो, लोक मात्र ‘भूलतज्ज्ञ’ म्हणतात. ‘भूल’मध्ये शुद्ध हरपण्याची छटा आहे (रानभूल आठवा), म्हणून जागेपणी दिलेल्या इंजेक्शनला ‘भूल’ म्हणावं का, हा प्रश्न मला छळतो.

भूलतज्ज्ञ, सोलापूर :

प्रश्न रास्त आहे. “अर्धी भूल देणार ना? मग मला ऐकू येणार का?” हे मला जवळजवळ रोज विचारतात. लोकांनी ‘अर्धी भूल’ हा शब्द स्वतःच काढलाय. तो गोड आहे, पण अर्धवट गुंगी असा अर्थ निघतो. म्हणून ‘भागापुरती भूल’ मला पटलं, फक्त तिच्यामागे लगेच ‘तुम्ही जागे असाल’ हे वाक्य हवं. गुंगीचं औषधही देणार असाल तर तेही लिहा, नाहीतर ते खोटं ठरेल.

वाचक, ठाणे :

थोडं विषयाला सोडून. माझ्या वडिलांच्या खांद्याचं ऑपरेशन ठरलंय. अशा ट्रायलमध्ये भाग घ्यायचा असेल तर शोधायचं कुठे? आणि ‘नैदानिक परीक्षण’ हा काय प्रकार आहे? मला ते रक्ततपासणीसारखं वाटलं.

संशोधन समन्वयक, पुणे :

दादा, तुम्हाला तसं वाटलं यातच त्या शब्दाचा निकाल लागला. मराठीत निदान म्हणजे रोग ओळखणं, त्यामुळे ‘नैदानिक’ हे तपासणीचं विशेषण होतं. हा शब्द हिंदीतून आलाय. ‘वैद्यकीय चाचणी’ म्हटलं तरी लघवी-रक्तच आठवतं. मी ‘क्लिनिकल ट्रायल’ तसंच ठेवते आणि पुढे लिहिते : ‘म्हणजे दोन उपचारपद्धतींची रुग्णांच्या संमतीने केलेली तुलना.’ आधी मी ‘अभ्यास’ लिहायचे. एका आजोबांनी विचारलं, “डॉक्टरांचा अजून अभ्यास चाललाय, मग ऑपरेशन कोण करणार?” तेव्हापासून सोडलं.

शोधायचं तर भारतातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही आहे, सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया). आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) दिल्लीतल्या राष्ट्रीय वैद्यकीय सांख्यिकी संस्थेत ती २० जुलै २००७ रोजी सुरू झाली. १५ जून २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला सहभागी घेण्याआधीच नोंदवावं लागतं. शोध मोफत आहे, पण शब्द इंग्रजीत टाकावे लागतात. खांद्यासाठी ‘इंटरस्केलीन’ (खांद्याच्या ऑपरेशनसाठी मानेत देतात तो ब्लॉक) किंवा ‘शोल्डर’ टाकून बघा. प्रत्येक नोंदीत कोणाला घेणार, कोणाला नाही, कोणतं रुग्णालय, नीतिसमितीची मान्यता आणि सामान्य माणसाने कोणाला फोन करायचा, हे सगळं असतं. भुलीतल्या कितीतरी नोंदी एमडी-डीएनबी या पदव्युत्तर पदव्यांच्या प्रबंधांच्या असतात, तेही तिथे लिहिलेलं दिसतं.

पण एक लक्षात घ्या. इथे ऑपरेशन आधी, ट्रायल मागून. ज्या रुग्णालयात ऑपरेशन होणार तिथे ट्रायल चालू असेल तरच वडिलांना घेता येईल. भुलीच्या तपासणीला जाल त्याच दिवशी विचारा. ऑपरेशनच्या सकाळी ट्रॉलीवर झोपवून कुणी सही मागितली, तर “घरी वाचून सांगतो” म्हणायचा पूर्ण हक्क तुम्हाला आहे. मध्येच बाहेर पडलात तरी उपचारात फरक पडता कामा नये. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार समोर हवा.

परिचारिका :

‘यादृच्छिक’ राहिला. आमच्याकडे बंद पाकिटं असतात, क्रमाने एक उघडायचं आणि आत निघेल तो गट. मी पेशंटला सांगते, “चिठ्ठी निघेल तसं.” लग्नकार्यात, भिशीत चिठ्ठ्या टाकलेल्या सगळ्यांना माहीत आहेत. डॉक्टर निवडत नाहीत, हे त्यांना तेवढ्यात कळतं.

अनुवादिका, नाशिक :

सगळ्यांचे मनापासून आभार. नवा मसुदा असा :

‘ही क्लिनिकल ट्रायल आहे, म्हणजे दोन उपचारपद्धतींची रुग्णांच्या संमतीने केलेली तुलना. तुम्ही कोणत्या गटात असाल हे डॉक्टर ठरवणार नाहीत, बंद पाकिटातली चिठ्ठी निघेल त्यावर ठरेल. दोन्ही गटांना मांडीत इंजेक्शन दिलं जाईल. त्याने दुखण्याची जाणीव मेंदूकडे नेणारी नस (मज्जातंतू) काही तास बधिर राहील. दुसऱ्या गटाला गुडघ्याच्या मागेही एक इंजेक्शन मिळेल. ही भागापुरती भूल आहे, तिने झोप लागत नाही. पाय थोडा जड वाटू शकतो, म्हणून पहिल्यांदा उभं राहताना सिस्टरना बोलवा.’

काल रात्री आत्याला वाचून दाखवलं. तिने एकच विचारलं, “मागचं इंजेक्शन दुखतं का गं?” ते पत्रकात नव्हतंच. आज डॉक्टरांना विचारून घालते.

आता एकच शब्द उरलाय. नोंदवहीत ‘रिक्रूटमेंट सुरू’ असं येतं. ‘भरती सुरू’ लिहिलं तर पोलीसभरती वाटते, नाहीतर दवाखान्यात भरती. ‘सहभागी घेणं सुरू आहे’ कसं वाटतं?

भाषेचा विद्यार्थी, कोल्हापूर :

‘नावं घेणं सुरू आहे.’ सहलीला, शिबिराला आपण हेच म्हणतो.