आरएफआयडी: दारातला रीडर एकच खोकं हजारदा वाचतो, नोंदी आवरायच्या कशा?

दोन_दारी:
आमच्या गोदामाला दोन दारं. प्रत्येक दारावर एक रीडर, त्याची एक अँटेना आत, एक बाहेर. खोक्यांवर यूएचएफ टॅग, म्हणजे रीडरला रेडिओ लहरींनी लांबूनच वाचता येतो अशा नंबरच्या चिपा. रीडर जे वाचेल ते सरळ एकाच टेबलात पडतं. (टेबल मीच बनवलंय, शिव्या मलाच घाला.)

परवा फोर्कलिफ्टवाल्याने 40 खोक्यांचं पॅलेट दारातच टेकवलं आणि तो जेवायला गेला. सेकंदाला दोनशेच्या आसपास वाचनं. तासाभरात 7 लाखांवर ओळी! ओळींचं सोडा, पण बाहेरच्या अँटेनाने वाचलं की ‘माल गेला’ असं मी धरलं होतं. मी खोक्यावर हात ठेवून उभा, आणि स्क्रीन म्हणतेय ते अर्ध्या तासापूर्वीच रवाना झालं.

मग डुप्लिकेट उडवले, एका टॅगची एकच ओळ ठेवली. आता परत आलेला माल सिस्टिमला दिसतच नाही, कारण तो नंबर तिने आधी पाहिलेला असतो. काय करू?

अँटेनावाला:
रीडर चुकत नाहीये हो. टॅग दिसला की ओरडायचं, एवढंच त्याला कळतं: कुठला टॅग, कुठली अँटेना, किती वाजता, सिग्नल किती. ‘माल गेला’ हा निष्कर्ष तुमचा, आणि तो एका वाचनावरून काढायचा नसतो.

कच्ची वाचनं वेगळ्या टेबलात टाका आणि ठरावीक दिवसांनी पुसा. स्टॉकच्या टेबलाला त्यांचा वारासुद्धा लागू देऊ नका. टॅग दिसायला लागला की त्याची एक ‘फेरी’ उघडा, सलग दहा सेकंद दिसला नाही की बंद करा. आत आधी दिसला, बाहेर शेवटी दिसला, तर गेला. उलट असेल तर आला. तुमचं दारात टेकवलेलं पॅलेट म्हणजे फक्त एक लांबलेली फेरी. ती बंद होईपर्यंत स्टॉक हलवायचाच नाही. फेरीतून निघणाऱ्या घटनेत काय, कधी, कुठे आणि कशासाठी एवढं ठेवा. मालाच्या हालचालींच्या नोंदींसाठीचं ईपीसीआयएस हे मानक मुळात याच चार प्रश्नांवर उभं आहे. परत आलेला माल ही मग नुसती नवी घटना, जुनी पुसायची नाही.

कोणी सांगेल, रीडरवर सेशन 2 लावा (सेशन म्हणजे उत्तर दिल्यावर टॅगने किती वेळ गप्प बसायचं, ती सेटिंग), वाचनं आपोआप कमी होतील. होतात खरी, मीही लावलं होतं. पण त्यात एकदा उत्तर दिलेला टॅग रीडरच्या लहरी मिळत राहतात तोवर गप्प बसतो. आतल्या अँटेनाने वाचला की बाहेरचीला तो दिसेचना, दिशाच कळेना! दोन दिवस केबल तपासत बसलो होतो. सेशन 1 मध्ये टॅग अर्ध्या ते पाच सेकंदांत पुन्हा बोलायला लागतो, तुम्हाला ते चालेल.

रात्रपाळी:
वरचं बरोबर आहे, माझी एकच भर. ईपीसी, म्हणजे टॅगमधला नंबर, 96 बिटचा असेल तर तो 24 हेक्स अक्षरांचा (0 ते 9 आणि ए ते एफ) होतो. ती फाइल चुकूनही एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. आमच्याकडे ज्या नंबरांत ए ते एफमधलं एकही अक्षर नव्हतं, तेवढ्यांचंच 3.03E+23 झालं. पंधराव्या अंकापुढे सगळी शून्यं. बाकीचे धडधाकट, त्यामुळे महिनाभर कुणाच्या लक्षातच आलं नाही. कॉलम आधी टेक्स्ट करा, मग आयात करा.

दोन_दारी:
फेऱ्या लावल्या, सेशन 1 केलं. कालच्या दिवसभरात स्टॉकच्या टेबलात 312 ओळी, आणि सगळ्या खऱ्या. मोजून आलो.

फक्त एक खोकं पहिल्या दारातून बाहेर पडायच्या आधीच दुसऱ्या दारातून आत आलं होतं. डोकं धरून बसलो. शेवटी कळलं, दोन्ही रीडरच्या घड्याळांत पावणेदोन मिनिटांचा फरक. आता दोन्ही एकाच एनटीपी सर्व्हरला (नेटवर्कवरून घड्याळं जुळवणाऱ्या) जोडलीत.

पाण्याच्या कॅनची खोकी मात्र निम्मीच वाचली जातात. त्यासाठी वेगळा धागा काढतो.

अँटेनावाला:
काढा. तोवर टॅग कॅनला चिकटलेल्या बाजूवरून काढून, आत मोकळी जागा असेल त्या बाजूला लावून बघा.